उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी मेंदूत बदल होण्याचा धोका कोणाला जास्त?

चाळिशी-पन्नाशीतच बीपी वाढून वर्षानुवर्षं तसंच राहिलेल्यांना. मेंदूच्या खोल भागातल्या बारीक रक्तवाहिन्या सततच्या दाबाने जाड, कडक होतात. तिथल्या पांढऱ्या द्रव्याला (मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंना) रक्त कमी पडतं आणि एमआरआयमध्ये पांढरे ठिपके दिसू लागतात. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पुढे विचारांचा वेग मंदावतो, चाल अडखळते.

मधुमेह, तंबाखू (मिश्रीसुद्धा), लघवीतून जाणारी प्रथिनं, झोपेत घोरताना श्वास अडकणं, हे सगळं भर घालतं. रात्री दाब साधारण १० ते २० टक्के उतरायला हवा. तो न उतरणाऱ्यांना धोका अधिक, आणि दवाखान्यातल्या एका मोजणीत हे कळतच नाही. त्यासाठी २४ तासांचं बीपी मशीन लावतात. शंका असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा.

‘बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या सोडू नका, ही फार महाग पडणारी चूक आहे. अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड अभ्यासात (२०१९) बीपीचा वरचा आकडा १२०च्या खाली आणण्याचं लक्ष्य असलेल्या गटात, १४०च्या खाली आणण्याचं लक्ष्य असलेल्या गटापेक्षा, सौम्य बौद्धिक घट कमी आढळली. त्यात मधुमेही नव्हते. उभं राहताना चक्कर येणाऱ्या वयस्करांनी आपलं लक्ष्य डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.