उंदीर झालेत, औषध ठेवू का?

प्रश्न : किचनमध्ये रात्री उंदीर फिरतात, ओट्याखाली लेंड्या सापडतात, पिठाची पिशवी पण कुरतडलीय. मिस्टरांनी उंदीर मारायची पेस्ट आणलीय पण घरात दीड वर्षाचा मुलगा आहे, दिसेल ते तोंडात घालतो. ठेवू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, ती पेस्ट नकोच, आजच घरातून काढा. अशा बऱ्याच पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो, त्याला उतारा नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे उलट्या थांबून पोर एखाद-दोन दिवस बरं दिसतं, घरचे निर्धास्त होतात आणि मग लिव्हर फेल होतं. टोमॅटोला लावून कोपऱ्यात ठेवलेली पेस्ट रांगणाऱ्या पोराच्या हाताला पहिली लागते हो. चुकून तोंडात गेलीच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका, पोर हसतखेळत असलं तरी ट्यूब सोबत घेऊन थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

दुसरं, आत्ता उठून शेगडीमागची गॅसची नळी बघा. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात त्यामुळे तो कुरतडणारच, आणि रबरी नळी तर त्याच्या आवडीची. रेग्युलेटरपासून शेगडीपर्यंत बोट फिरवा, खरवडल्यासारखं लागलं की बदला, आत तारेची जाळी असलेली केशरी सुरक्षा नळीच घ्या, ती सुद्धा ५ वर्षांनी बदलायची. वास आला तर बटण चालू-बंद काहीच करायचं नाही, रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या आणि बाहेर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन. फ्रिजमागची वायर पण बघून घ्या, प्लग काढून.

आजारांचं म्हणाल तर उघड्या अन्नावर तोंड लावलं की जुलाब-उलट्या, आणि मुतातून लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार, तो जास्त करून मोठ्या उंदीर-घुशींमुळे पावसाळ्यात होतो. ताप, पोटऱ्या खूप दुखणं, डोळे लाल असं झालं तर घरात उंदीर आहेत हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नका, धूळ नाकात जाते. हातमोजे घालून १ भाग ब्लीच ९ भाग पाणी असं शिंपडा, ५ मिनिटं भिजू द्या, मग कागदाने उचला.

पकडायला पिंजराच लावा, सुकं खोबरं किंवा भजी अडकवून, भिंतीच्या कडेला. आणि सिंकचा पाईप भिंतीत जातो तिथली फट बुजवा, ६ मिलिमीटरच्या भोकातून पण छोटा उंदीर येतो, नुसता कागद-बोळा टिकत नाही, तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावा.