आधीच्या कॉलेजातली सेवा कॅससाठी धरतात का? केमिकलच्या एका प्राध्यापकाचा अनुभव

मॅडम, तुमचा प्रश्न वाचला आणि २०१९ सालची माझी फाइल डोळ्यांसमोर आली. तुमची दोन वर्षं खतकारखान्यात, मग पाच वर्षं विनाअनुदानित कॉलेजात, आता अनुदानित कॉलेजात कायम नोकरी, आणि आस्थापना विभाग म्हणतो, 'आधीची सेवा कॅसला (म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेला) धरता येणार नाही.' खताच्या जागी सॉल्व्हंट प्लांट लिहिला की ही माझीच हकीकत होते.

पीएच.डी., पेपर, रिफ्रेशर यांबद्दल बोलत नाही, ते तुमचं झालेलंच दिसतंय.

कारखान्याच्या दोन वर्षांसाठी कॅसमध्ये भांडत बसू नका, असं माझं मत. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) २०१९ च्या नियमांत थेट भरतीने असोसिएट प्रोफेसर व्हायला अध्यापन, संशोधन किंवा उद्योग मिळून ८ वर्षांचा अनुभव चालतो, त्यातली किमान २ पीएच.डी.नंतरची. जाहिरात निघेल तेव्हा तो अनुभव वापरा. कॅसमध्ये माझा तरी कोणी धरला नाही.

कॉलेजच्या पाच वर्षांसाठी मात्र नेटाने लढा. युजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत कलम १० याच विषयावर आहे. पद समकक्ष हवं, पात्रता तीच हवी, नेमणूक रीतसर निवड समितीतून हवी. गेस्ट लेक्चरर म्हणून केलेली सेवा चालत नाही. नेमणूक तात्पुरती किंवा कंत्राटी असेल तर एकूण पगार नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नको. संस्था खासगी की सरकारी यावरून भेद करायचा नाही, हेही तिथेच लिहिलंय. 'खासगीतली सेवा चालत नाही' असं तोंडी सांगितलं तर कलम दाखवा आणि उत्तर लेखी मागा. (तुमच्या कॉलेजला नेमके कुठले नियम लागू आहेत ते आधी बघा. मी वकील नाही, भोगलेलं सांगतोय.)

आता माझी चूक. २०११ मध्ये जुनं कॉलेज सोडताना कार्यमुक्तीपत्र आणि अनुभवाचा दाखला घेतला आणि निघालो. माझी निवड विद्यापीठाच्या समितीनेच केली होती, पण पहिली दोन वर्षं नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता एकेका वर्षाची यायची. ती दोन पत्रं मी कधी मागितलीच नाहीत. माझ्याकडे होतं फक्त तिसऱ्या वर्षापासूनचं नियमित मान्यतापत्र. २०१९ मध्ये पत्रं मागायला गेलो तेव्हा तिथली केमिकलची शाखा बंद झालेली, विभागाची कपाटं दुसऱ्या इमारतीत हलवलेली. ऑफिसात सगळे नवीन. दोन दिवस त्यांच्याबरोबर गठ्ठे सोडून बघितले, काही सापडलं नाही.

पण सगळ्यात जास्त नुकसान केलं ते प्रस्ताव तपासणाऱ्या एका कार्यालयाने. नाव घेत नाही. प्रस्ताव तीनदा परत आला, दर वेळी एकच त्रुटी काढून. आधी मान्यतापत्रं. मग महिनावार पगाराचा तपशील. मग दोन नोकऱ्यांमधल्या खंडाचा खुलासा. मध्ये कोविडमुळे सगळं ठप्प. तिसऱ्यांदा फाइल हातात आली तेव्हा छाननी तक्त्याकडे नीट बघितलं. तिन्ही रकान्यांसमोर पेन्सिलने बारीक फुल्या होत्या, आणि खाली पहिल्या छाननीची तारीख. म्हणजे तिन्ही त्रुटी त्यांना पहिल्याच दिवशी दिसल्या होत्या. मला एकदम कळवल्या असत्या तर दीड वर्ष वाचलं असतं. अजूनही संताप होतो.

आदेश आला २०२२ मध्ये, पाचपैकी तीनच वर्षं धरून. असोसिएटची तारीख २०१९ वरून २०२१ वर गेली. असोसिएट होण्याआधीच्या लेव्हल १२ चं सुरुवातीचं मूळ वेतन ७९,८००, असोसिएटच्या १३ए१ चं १,३१,४००, तेव्हा दोन वर्षांचा फरक किती ते तुम्हीच काढा. त्याहून मोठा फटका पुढे बसला. थेट भरतीने प्रोफेसर व्हायला १० वर्षांच्या अनुभवात किमान ३ वर्षं असोसिएटच्या समकक्ष पदावरची लागतात. २०२३ मध्ये मला हवी तशी जाहिरात निघाली आणि माझी तीन वर्षं भरत नव्हती.

धरली न गेलेली ती दोन वर्षं कशी होती सांगतो. युनिट ऑपरेशन्सच्या लॅबमध्ये पॅक्ड कॉलम मी त्याच काळात उभा केला. त्यात भरायच्या रास्किग रिंग्ज मुलांबरोबर बादलीत धुतल्या, प्रवाह मोजणारा रोटामीटर कॅलिब्रेट करायला रविवारी जायचो. त्या बॅचमधले दोघे आज प्रोसेस डिझाइनमध्ये आहेत. मी तिथे शिकवत होतो हे सिद्ध करायला मात्र कागद नाही. आपल्या शाखेत कौतुकाने सांगतात की एम. एम. शर्मा सर १९६४ मध्ये २७ व्या वर्षी यूडीसीटीत (मुंबईतल्या आजच्या आयसीटीत) प्रोफेसर झाले. त्यांच्याबद्दल नितांत आदर आहे, पण तरुण सहकाऱ्यांना ते उदाहरण देऊन 'तुम्ही अजून इथेच?' म्हणणाऱ्यांनी आजचा छाननी तक्ता एकदा भरून बघावा.

तर तुम्ही जुन्या कॉलेजच्या आधी विद्यापीठात जा. निवड समितीचा अहवाल आणि मान्यतापत्राची कार्यालयीन प्रत तिथे असू शकते. मला हे एका अधीक्षकांनी सांगितलं, तेव्हा आदेश निघून गेला होता. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज केला, ३० दिवसांच्या आत दोन्ही वर्षांच्या प्रती हातात. त्यावर फेरविचाराचा प्रस्ताव दिलाय, तो अजून प्रलंबित आहे.

विषय निघालाच आहे म्हणून आणखी दोन गोष्टी. पीएच.डी. कुठलीही रजा न घेता, शिकवता शिकवता केली असेल तर तो काळ अध्यापनाचा अनुभव म्हणून धरतात. प्राचार्यांकडून 'रजा घेतलेली नाही' असं पत्र आजच घ्या. आणि युजीसीचे संशोधन गुण लागू असतील तिथे दोनपेक्षा जास्त लेखक असलेल्या पेपरमध्ये पहिल्या किंवा करस्पाँडिंग (पेपरचा पत्रव्यवहार बघणाऱ्या) लेखकाला ७० टक्के, बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के मिळतात. आपल्याकडे एका पेपरवर पाच-सहा नावं सहज असतात, तेव्हा करस्पाँडिंग कोण हे प्रयोग सुरू होण्याआधीच ठरवा.

प्रस्ताव देताना पोच घ्या आणि आवक क्रमांक लिहून ठेवा. सोबत 'सर्व त्रुटी एकाच वेळी कळवाव्यात' असं विनंतीपत्र जोडा. मी ते चौथ्या खेपेला जोडलं, त्यानंतर फाइल परत आली नाही.