शनिवारी स्कूटर घरीच राहू द्या

'मावशी, मुलगा दहावीत आहे. चौथीच्या गॅदरिंगला डॉक्टर झाला होता, तेव्हापासून डॉक्टरच व्हायचं म्हणायचा. माझा भाऊ डॉक्टर आहे, त्यामुळे घरात सगळे खूश. अकरावीआधी खात्री करून घ्यावी म्हणून दादरला करिअर समुपदेशनाला घातलं. आठ मुलांचा गट, सहा शनिवार, साडेपाच हजार रुपये. चार शनिवार झाले, आणि आता विचारलं की म्हणतो, "बघतोय." आधी हे स्कूटरवर आणायला जायचे, आता तेही नको म्हणतो. भांडुपच्या कुणा मुलाबरोबर चालत येतो, आठ वाजवतो. पैसे देऊन मुलाला गोंधळात पाडल्यासारखं झालंय. गटातून काढून एकट्याचं समुपदेशन लावू का? बाईंना जाब विचारू का? ह्यांना पुन्हा आणायला पाठवू का?'
– एक आई, माहीम

ताई, तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या भांडुपच्या मुलापाशी अडले. तुम्ही त्याला अर्ध्या ओळीत उरकलंत. मी मात्र त्याच्याबरोबर मनातल्या मनात चालून आले.

भांडुपला जायचं तर सुटल्यावर दादर स्टेशन गाठायचं, स्लो गाडी पकडायची, संपलं. हा पोरगा काय करतो? स्टेशनकडे पाठ फिरवून तुमच्या मुलाबरोबर निघतो, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरून थेट माहीमपर्यंत येतो. मग माटुंगा रोडहून उलटी गाडी, दादरला उतरून पूल, पलीकडे सेंट्रलची गर्दी, आणि मग कुठे भांडुप. पंधरा वर्षांचा मुलगा दर शनिवारी एवढा वळसा कशाला घेईल? बोलणं संपलेलं नसतं म्हणून. तुमच्या साडेपाच हजारांचं काही चीज होत असेल, तर ते त्या फुटपाथवर होतंय.

समुपदेशक बाई खोलीत काय करत असतील ते मला साधारण माहीत आहे. आवडीनिवडींची प्रश्नावली, बहुतेक जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञांनी पाडलेल्या माणसांच्या सहा प्रकारांवर बेतलेली, मग कुणाला हातांनी काम करायला आवडतं, कुणाला माणसांत राहायला, यावर चर्चा. ठीक आहे, तेही लागतं. पण त्यासाठी आठ पोरं एकत्र बसवायची गरज नसते. गट बसवतात तो वेगळ्या कारणासाठी. अरविन यालम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी गटातून माणसाला काय मिळतं याची यादी केली, त्यात 'हे फक्त माझंच नाही' हे उमगणंही आहे. तुमच्या मुलाला तेच मिळालेलं दिसतं. आणि तुम्ही त्याला तिथून उचलून एका मोठ्या माणसासमोर एकटा बसवायला निघालात! तिथे तो पुन्हा 'डॉक्टर' म्हणेल, फी वसूल झाल्यासारखी वाटेल, आणि सगळे पेढे खाऊन मोकळे.

त्या चौथीच्या गॅदरिंगबद्दल थोडं कडक बोलते. नऊ वर्षांच्या मुलाच्या गळ्यात तुम्ही स्टेथोस्कोप घातलात, मामा हसला, आजीनं दृष्ट काढली, आणि प्रश्न निकालात निघाला. त्या वर्षीची त्याची चप्पल आज त्याच्या पायात शिरते का? जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली कॉलेजातल्या मुलांच्या मुलाखतींवरून ओळख घडण्याच्या चार अवस्था मांडल्या. काहीही चाचपून न पाहता, घरच्यांचंच उचलून ज्यांनी सगळं पक्कं केलेलं असतं, त्यांच्या अवस्थेला त्यांनी 'फोरक्लोजर' म्हटलं. आणि जी मुलं अजून शोधतायत, 'बघतोय' म्हणतायत, त्यांच्यासाठी 'मोरॅटोरियम', म्हणजे निर्णय लांबवायची मुभा. हा शब्द मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांचा. दोन्ही शब्द आपल्याला बँकेमुळे पाठ आहेत. २०२० मध्ये घरकर्जाच्या हप्त्यांना सहा महिन्यांचं मोरॅटोरियम मिळालं होतं ना? तेव्हा कुणी म्हणालं नाही की माणसं गोंधळलीत. एरिक्सन स्वतः तरुणपणी चित्रं काढत युरोपभर भटकत होते. पुढे हार्वर्डला प्राध्यापक झाले ते विद्यापीठाची पदवी नसताना. तुमचा मुलगा फक्त दादर ते माहीम भटकतोय.

(त्याच्या वडिलांचं मत पत्रात कुठेच नाही. स्कूटरवर मागे बसून मुलगा काय बोलायचा, हे त्यांना एकदा विचारा. हेल्मेटमध्ये काय ऐकू येणार म्हणा.)

अकरावीची धास्ती असेल तर तेवढ्यापुरतं सांगते: सायन्स घेऊन गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवता येतात, मग मेडिकलची 'नीट' आणि इंजिनीअरिंगची सीईटी, दोन्हींची दारं बारावीपर्यंत उघडी राहतात. आणि कॉमर्स किंवा आर्ट्स म्हणाला, तर ते ऐकायची तयारी आत्तापासून करा. मामाला कसं सांगायचं हा तुमचा प्रश्न आहे, मुलाच्या गळ्यात घालू नका.

तर स्कूटर घरी राहील. उरलेले दोन्ही शनिवार. बाईंना फोन नाही, जाब नाही, दुसरा समुपदेशक नाही. दारातून आत आल्या आल्या 'काय ठरलं?' हेसुद्धा नाही. अंधार पडतो म्हणाल तर वाट भर वस्तीतली आहे, खिशात फोन आहे आणि सोबतीला मित्र आहे. त्या मुलाला 'एकदा घरी आण की' असंही इतक्यात म्हणू नका. तुम्ही त्याला पोहे खायला घालून वडिलांचा व्यवसाय विचाराल, आणि पुढच्या शनिवारी तो दादरहूनच गाडी पकडेल. जाताना मुलाच्या हातावर पन्नासची नोट ठेवा, दोन वडापाव येतील. दोन, हे मुद्दाम सांगा.

आणि शनिवारचं जेवण साडेआठला वाढा.