व्हॅक्यूम क्लीनर सुरू केला की पिल्लू घाबरून लपतं, त्याला सवय कशी लावावी?

तुम्ही लिहिलंय की लॅब्रेडॉरचं पिल्लू तीन महिन्यांचं आहे, रात्रभर कूलरसमोर निवांत झोपतं, पण व्हॅक्यूम क्लीनर सुरू झाला की दिवाणाखाली जाऊन थरथरतं आणि कधीकधी तिथेच लघवी करतं. घरातले म्हणतात, यंत्राजवळ बांधून ठेवा, दोन-चार दिवसांत भीती मोडेल. तर आधी हेच सांगते: बांधू नका. बाकी सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल, एवढं आजच घरात सांगून टाका.

आता कूलरचं बघा. आपल्या नागपुरात मे महिन्यात लोखंडी डेझर्ट कूलर फुल स्पीडवर चालू असला की टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो, शेजारी बसलेल्या माणसाशीही मोठ्यानं बोलावं लागतं. म्हणजे तुमच्या पिल्लाला निव्वळ मोठ्या आवाजाची भीती नाही. कूलर एका जागी उभा असतो, त्याचा आवाज तासन्‌तास एकसारखा येतो, आणि त्यातून थंडगार हवा येते. व्हॅक्यूम क्लीनर यातलं काहीच करत नाही. तो एकदम किंचाळतो, जमिनीवरून पिल्लाच्या अंगावर चालून येतो, मागे जातो, पुन्हा येतो, मागून गरम हवा फेकतो. त्यात तो येतो पिल्लाच्याच उंचीवर. आपण वरून बघतो म्हणून आपल्याला ते लहानसं यंत्र वाटतं.

शिवाय त्याला जे ऐकू येतं ते आपल्याला येत नाही. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज पकडतो, कुत्र्याचा सुमारे ४५,००० पर्यंत. व्हॅक्यूमची मोटर मिनिटाला हजारो फेऱ्या मारते आणि तिच्या आवाजात उंच पट्टीची शिटी मिसळलेली असते. आपल्या फ्लॅटमध्ये खाली टाइल्स, भिंती मोकळ्या, पडदे पातळ, त्यामुळे आवाज घुमतो तो वेगळाच.

एक गोष्ट वयाची. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो की जे जे अनुभवाला येईल ते ‘हे आपल्या जगातलं आहे’ म्हणून मनात बसतं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं काम करून हे १९६५ साली मांडलं. तुमचं पिल्लू त्या काळाच्या शेवटाकडे आलंय. दार एकदम बंद होत नाही, पुढेही शिकवता येतं, फक्त वेळ जास्त लागतो. म्हणून आत्ताच हाती घ्या. आणखी दोन-तीन महिन्यांनी पोळा येईल, मग मारबतीची मिरवणूक, गणपतीचे ढोल, त्यानंतर दिवाळी. तोवर हे वयात येऊ लागलेलं असेल आणि त्या वयात बरीच कुत्री नव्यानं बिचकू लागतात. ‘मोठा आवाज आला की माझ्या माणसांजवळ काही तरी चांगलं मिळतं’ हे त्याला आत्ता कळलं तर तेव्हा कामी येईल.

पहिलं काम म्हणजे सराव सुरू असेपर्यंत पिल्लासमोर व्हॅक्यूम लावायचाच नाही. फडा घ्या, ओलं पोतं मारा. व्हॅक्यूम लावणं भागच असेल तर कोणी तरी पिल्लाला फिरायला नेईल तेव्हा उरका. सध्याच्या उन्हात तसंही त्याला सकाळी लवकर किंवा सूर्य मावळून रस्ता निवल्यावरच बाहेर काढता येतं, नाही तर पंजे भाजतात. तर तीच वेळ साधा. हे मी आग्रहानं सांगते, कारण सकाळी आपण प्रेमानं पाच मिनिटं शिकवायचं आणि दुपारी मावशींनी तेच यंत्र त्याच्या अंगावरून फिरवायचं, असं झालं तर शिकवलेलं सगळं पुसलं जातं. मावशींना, आजी-आजोबांना, पोट्ट्यांना, सगळ्यांना सांगून ठेवा. मुलांना गंमत म्हणून त्याच्यामागे नळी घेऊन धावायची हुक्की येते, ते मात्र अजिबात चालू द्यायचं नाही.

मग बंद यंत्राची ओळख. हॉलच्या एका कोपऱ्यात व्हॅक्यूम नुसता उभा करून ठेवा, प्लग काढलेला. दिवसभर तिथेच राहू द्या. पिल्लू आपणहून येईल, मान लांब करून हुंगेल, दचकून मागे जाईल, पुन्हा येईल. येऊ द्या, जाऊ द्या, आपण काही बोलायचं नाही. इंटरनेटवरच्या बऱ्याच व्हिडिओंमध्ये यंत्रावरच खाऊ ठेवून पिल्लाला जवळ आणतात. मला ती पद्धत पटत नाही. भुकेपोटी ते पुढे सरकतं, खाऊ उचलतं, आणि मग डोकं वर केल्यावर त्याच्या लक्षात येतं की आपण नको त्या जागी येऊन पोचलोय. खाऊ तुमच्या हातातून, यंत्रापासून लांब द्या. जवळ जायचं की नाही ते त्याला ठरवू द्या.

बंद यंत्राचं त्याला काही वाटेनासं झालं की ते न चालवता नुसतं हलवून बघा. एकाने पिल्लापाशी बसायचं, दुसऱ्याने लांबून यंत्र हातभर सरकवायचं. टाइल्सवर त्याची चाकं खडखडतात, तो आवाजही त्याला नवा असतो. सरकवताना नेहमी पिल्लापासून दूर न्यायचं, त्याच्या दिशेनं कधी नाही. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: बटण दाबलं की वायर सर्रकन आत ओढली जाते आणि शेवटी प्लग खाडकन आपटतो. पुष्कळ पिल्लं मोटरपेक्षा यालाच जास्त दचकतात. सराव संपल्यावर वायर हाताने धरून हळूहळू आत सोडा.

आता खरा भाग, आवाज. यात क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी आवाज, मग लगेच खाऊ. आवाज थांबला की खाऊ थांबला. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या प्रयोगांतल्या कुत्र्यांना एखादा ठरावीक आवाज ऐकवून लगेच खाणं दिलं जायचं, आणि काही दिवसांनी त्या नुसत्या आवाजानं त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. आपल्याला तेच घडवायचंय. उलट क्रमानं केलं, म्हणजे आधी खाऊ काढला आणि मग यंत्र सुरू झालं, तर पिल्लू खाऊचा डबा बघूनच घाबरायला शिकतं.

यंत्र सगळ्यात लांबच्या खोलीत न्या, मधली दारं लावा, ओढीचा जोर कमी-जास्त करायची सोय असेल तर सगळ्यात कमीवर ठेवा. पिल्लू हॉलमध्ये तुमच्यापाशी, आणि कूलर सुरू. हो, कूलर मुद्दाम सुरू ठेवा. त्याच्या ओळखीच्या घुंईमध्ये व्हॅक्यूमचा आवाज बराचसा दबतो, आणि सुरुवातीला आपल्याला तेवढाच हवाय, जेमतेम कानावर पडेल इतका. आतल्या माणसाने दोन-तीन सेकंद यंत्र सुरू करायचं. पिल्लाचे कान तिकडे वळले की तुम्ही त्याच्या तोंडाशी उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा धरायचा. यंत्र बंद, तुमचा हात मागे. थोडं थांबून पुन्हा. चार-पाच वेळा झालं की त्या दिवसापुरतं बस. लवकर संपवलेलं कधीही चांगलं, पिल्लं पटकन थकतात.

खाऊ मात्र असा हवा जो एरवी मिळत नाही. रोजच्या दाण्यांनी काम होणार नाही. उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, पनीर, यातलं त्याला जे सगळ्यात आवडतं ते फक्त याच वेळेसाठी राखून ठेवा. तुकडा वाटाण्याएवढा. आपल्या जेवणातला रस्सा लागलेला तुकडा नको, कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतं. मनुका आणि द्राक्षंही नकोत.

पिल्लू तुकडा कसं घेतं तिकडे नीट लक्ष ठेवा. ही खूण मला आमच्या इमलीने शिकवली. ती फुटाळा तलावाच्या बाजूला सापडलेली गावठी कुत्री, आणि लहानपणी मिक्सरच्या आवाजाने कावरीबावरी व्हायची. मन शांत असलं की ती ओठांनी तुकडा अलगद उचलायची, बोटांना फक्त ओलसर नाक लागायचं. आवाज तिला जड जायला लागला की तोच तुकडा दातांनी हिसकायची, बोटाला ओरखडा यायचा. अजून पळाली नाही, थरथरली नाही, पण दात लागला म्हणजे आपण जरा पुढे गेलो. त्यापुढची पायरी म्हणजे खाणंच नाकारणं. आवडीचं चिकन समोर असून पिल्लानं तोंड फिरवलं तर त्या क्षणी शिकणं बंद झालेलं असतं, यंत्र थांबवा आणि पुढच्या वेळी एक दार जास्त लावा. बाकीच्या खुणाही बारीक असतात: काही खाल्लेलं नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल अशी तिरकी नजर, कान मागे, शेपूट पोटाखाली.

पिल्लू निवांत असेल तर एका वेळी एकच गोष्ट वाढवा. दार किलकिलं केलंत तर वेळ तीच ठेवा. वेळ वाढवलीत तर दार होतं तसंच. कूलर बंद केलात तर यंत्र पुन्हा लांब. आणि शेवटी आवाज आणि हालचाल एकत्र आणायची वेळ येते तेव्हा सगळं पुन्हा अगदी कमीपासून सुरू करा. चालू यंत्र दिसणं आणि नुसतं ऐकू येणं यात पिल्लाच्या दृष्टीनं फार मोठा फरक आहे. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावून सराव करा असंही सांगितलं जातं. हरकत नाही, पण मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून मोटरची खालची घरघर नीट येत नाही आणि जमिनीची थरथर तर नाहीच. दोन दारांपलीकडचं खरं यंत्र मला जास्त उपयोगाचं वाटतं.

दिवाणाखाली जाऊन बसायची त्याची सवय मोडू नका. ती त्याची हक्काची जागा आहे. उलट तिथे जुनी सतरंजी घाला, पाण्याचं भांडं ठेवा, आणि यंत्र त्या बाजूला न्यायचंच नाही असं ठरवा. पळायला वाट आहे हे माहीत असलेलं पिल्लू जास्त वेळ थांबून बघतं. बांधून ठेवलेल्या पिल्लाचं काय होतं? काही वेळ धडपडतं, मग गप्प बसतं. घरच्यांना वाटतं भीती गेली. ती गेलेली नसते, त्याने फक्त हात-पाय गाळलेले असतात. अशी कुत्री पुढे एखाद्या दिवशी यंत्रावर किंवा ते धरलेल्या हातावर तुटून पडू शकतात. दिवाणाखालच्या लघवीबद्दलही रागावू नका. घाबरलेल्या पिल्लाची लघवी आपोआप सुटते, त्यात खोडी नसते. गुपचूप पुसून टाका.

आणि पिल्लू तुमच्यापाशी आलं तर त्याला जवळ घ्या. ‘लाड केले तर भीती वाढते’ असं तुम्हाला कोणी तरी सांगेलच. तसं होत नाही. भीती ही काही बक्षीस मिळवण्यासाठी केलेली करामत नाही, ती कुरवाळल्याने वाढत नाही. शांतपणे हात फिरवा, हळू आवाजात बोला. मात्र त्याला उचलून यंत्राजवळ नेऊन ‘बघ, काही नाही’ असं दाखवू नका.

काही पिल्लं घाबरून लपायच्या ऐवजी यंत्रावर भुंकतात, ब्रश चावायला धावतात. तुमच्याकडे पुढे असं दिसलं तर ते धीट झालं म्हणून खूश होऊ नका. त्यामागेही बऱ्याचदा भीतीच असते, आणि त्याने ब्रशवर झडप घातली की आपण यंत्र बंद करतो, म्हणून त्याला वाटतं आपण जिंकलो. तिथेही उपाय हाच: अंतर वाढवा, आवाज कमी करा, खाऊ द्या.

किती दिवस लागतील ते पिल्लावर आहे. काही आठवड्यांत बरीच रुळतात. काहींना व्हॅक्यूम कधीच आवडत नाही, ती फक्त उठून दुसऱ्या खोलीत जाऊन पडतात. माझ्या मते तेवढं पुरेसं आहे. ते शेजारी बसलंच पाहिजे असा हट्ट कशाला?

अधूनमधून मागे जाणंही होईल. लाइट गेली आणि अचानक आली, यंत्र आपोआप सुरू झालं, एवढ्यानेही पिल्लू पुन्हा बिचकतं. अशा वेळी दोन पायऱ्या मागे या, पुन्हा तिथून चाला. काम झाल्यावर प्लग काढून ठेवायची सवय असली की हा प्रसंगच टळतो.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं, तर लांबच्या खोलीतला अगदी पुसट आवाजही त्याला सोसत नसेल, घाबरल्यानंतर ते तासन्‌तास सावरत नसेल, किंवा भीती व्हॅक्यूमवरून मिक्सर, दारावरची बेल, प्रेशर कुकरची शिट्टी अशी पसरत चालली असेल तेव्हा. कान दुखत असला तरी आवाज सोसत नाहीत, म्हणून कान तपासून घ्या. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथल्या चिकित्सालयात दाखवता येईल, नाही तर लसी जिथे देता तिथेच विचारा. शांत राहायची गोळी स्वतःच्या मनानं देऊ नका, माणसांची तर नकोच. अॅसेप्रोमाझिनसारखं गुंगीचं औषध एकटं दिलं तर पिल्लू हालचाल थांबवतं, पण त्याला आवाज ऐकू येतच असतो आणि भीतीही तशीच असते. खरंच गरज पडली तर भीती कमी करणारी वेगळी औषधं डॉक्टर वजन बघून देतात. आणि जाताना यंत्र सुरू असतानाचा पिल्लाचा छोटासा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा, पण तो मुद्दाम घाबरवून काढू नका, सरावाच्या वेळी काढलेला पुरतो. दवाखान्यात पिल्लू वेगळंच वागतं, घरी ते नेमकं काय करतं हे डॉक्टरांना त्यातूनच कळतं.