सुट्टीत आई-बाबांना घेऊन जायचंय. सध्या (मे २०२२) लागलेल्या मराठी चित्रपटांपैकी कोणता पाहू?

तुम्ही ‘मी वसंतराव’, ‘शेर शिवराज’ आणि ‘चंद्रमुखी’ अशी तीन नावं दिलीत, आणि आई-बाबांसोबत जायला एकच रविवार मोकळा आहे म्हणताय. मी तिन्ही पाहिलेत. माझं ऐकाल तर ‘मी वसंतराव’ला जा, आणि याच रविवारी जा. तो १ एप्रिल २०२२ला लागला, आता मे उजाडलाय. आमच्याकडे पुण्यात ‘केजीएफ’चे खेळ पहाटेपासून रात्रीपर्यंत आहेत आणि याच्या वाट्याला दुपारचा एखादा उरलाय. शुक्रवारी तोही निघाला तर चुटपुट लागून राहील.

राहुल देशपांडे स्वतःच्या आजोबांची, म्हणजे गायक पं. वसंतराव देशपांड्यांची भूमिका करतोय म्हटल्यावर मला धास्ती होती. गाणार तो उत्तमच, पण तेवढ्यावर सिनेमा कसा पेलणार? पेललाय. दिग्दर्शक निपुण धर्माधिकारीने त्याच्याकडून फार संयमाने काम करून घेतलंय. नागपुरात एकटीच्या हिमतीवर मुलाला वाढवणाऱ्या आईच्या भूमिकेत अनिता दाते आहे, आणि माझ्या मते सिनेमाचा कणा तीच आहे.

लाहोरच्या भागाबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगतो. उस्ताद असद अली खाँ तरुण वसंताला मारवा हा राग शिकवतात. कुमुद मिश्रांनी ते काम काय केलंय! मारव्यात षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, फारसं टेकत नाहीत, त्यामुळे सूर सारखा अधांतरी राहतो, जीव टांगणीला लागतो. शेजारी माझे बाबा बसले होते. त्यांनी वसंतरावांना तरुणपणी समोर बसून ऐकलंय. सुरुवातीपासून त्यांची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. मारवा सुरू झाला आणि ती थांबली. हात तसाच गुडघ्यावर, डोळे मिटलेले. कोरोनाच्या दोन वर्षांनंतर ते पहिल्यांदाच थिएटरात आले होते. तो आवाज घरच्या टीव्हीवर ऐकून असं काही होणार नाही, म्हणून एवढा आग्रह करतोय.

उणं काही नाही असं नाही. सिनेमा लांब आहे. लष्कराच्या हिशेब खात्यातली नोकरी आणि बदल्या हा भाग मध्ये रेंगाळतो. पण माणूस इतकी वर्षं खर्डेघाशी करतो आणि १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकात खाँसाहेब म्हणून उभा राहतो, तेव्हा आधीचा तो रखडलेपणा कामी येतो, असं मला नंतर वाटलं. पुलंशी असलेली मैत्रीही छान आलीये.

‘चंद्रमुखी’ २९ एप्रिललाच आलाय, त्यामुळे तो पुढच्या आठवड्यातही सापडेल. विश्वास पाटलांच्या कादंबरीवर प्रसाद ओकने केलाय. अमृता खानविलकरने जीव ओतलाय. ‘चंद्रा’ हे गाणं सुरू झालं की थिएटरात शिट्ट्या पडतात, आणि त्या तिने कमावलेल्या आहेत. मला स्वतःला आर्या आंबेकरने गायलेलं ‘बाई गं’ जास्त भिडलं. अजय-अतुलचा ठेका थिएटरच्या स्पीकरवरच ऐकावा. पण पुढारी दौलत आणि तमासगीर चंद्राचं प्रेम फुलायला कथेने पुरेसा वेळ दिलेला नाही, म्हणून उत्तरार्धातलं दुःख मला वरवरचं वाटलं. दौलतच्या बायकोच्या भूमिकेत मृण्मयी देशपांडे थोडक्या प्रसंगांत बरंच काही सांगून जाते. तिला आणखी जागा हवी होती.

‘शेर शिवराज’ सोबत लहान मुलं असतील तरच आधी निवडा. दिग्पाल लांजेकरांचा हा शिवकाळावरचा चौथा सिनेमा. अफझलखानाचं काय झालं ते चौथीतल्या पोरालाही ठाऊक असतं, तेव्हा गंमत आहे ती त्याला वाईहून जावळीच्या खोऱ्यात उतरवण्याच्या डावात. तो भाग मला आवडला. चिन्मय मांडलेकर महाराज म्हणून शांत, ठाम वाटतो. मुकेश ऋषींचा खान नुसता उभा राहिला तरी दडपण येतं. संगणकावर केलेली दृश्यं मात्र कच्ची आहेत, आणि काही संवाद टाळ्यांसाठीच लिहिलेत हे लपत नाही. आमच्या खेळाला पुढच्या रांगेतली दोन पोरं खुर्चीवर उभी राहून ‘जय शिवाजी’ ओरडत होती. त्यांच्या आईने एकदाही दटावलं नाही, आणि मलाही ते बरं वाटलं.

तर रविवारचं तिकीट आजच काढा. दुपारचा खेळ असेल तर आई-बाबांना जेवण लवकर उरकायला सांगा, कारण मध्येच उठावंसं वाटणार नाही. आणि शेवटी नावं येऊ लागली की लगेच निघू नका. आमच्या रांगेतलं कुणीच उठलं नव्हतं. बाबांचा हात धरून मी उठवलं तेव्हा पडदा पांढरा झाला होता.