आधी ठरवा, घरी कोण बसणार

तुम्ही विचारलंय की मंडळातल्या बऱ्याच जणी घरी आजाऱ्याचं करतात, त्यांच्या अनुभवांवर नाटक बसवायचं आहे, अभिनय कुणीच केलेला नाही, तर सुरुवात कुठून करावी आणि तयार संहिता मिळेल का.

सुरुवात एका वहीपासून करा. प्रत्येकीच्या नावापुढे लिहा, तालमीच्या वेळी तिच्या घरी आजाऱ्याजवळ कोण बसणार. आम्ही इंदुरात २०२२ पासून हे करतोय आणि आमचे पहिले दोन महिने ही वही नसल्यामुळे वाया गेले. आठ जणांपैकी चार यायचे, पुढच्या वेळी दुसरेच चार. मी चिडायचे. खरं तर मला तरी कळायला हवं होतं.

माझ्या सासूबाईंना २०१२ च्या दिवाळीत अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. २०१८ च्या पावसाळ्यात त्या गेल्या. मधली सहा वर्षं आमच्या घरात दिवस एकाच प्रश्नाने उजाडायचा, 'आज आईंजवळ कोण बसतंय?' भाजी आणायची, बँकेत जायचं, भाचीची मुंज, सगळं त्या उत्तरावर. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते, अख्खं इंदूर रस्त्यावर असतं. त्या सहा रंगपंचम्या मी गॅलरीतून गल्लीतली रंगलेली पोरं बघत काढल्या. आमच्या नाटकाचं नाव तेच ठेवलंय, 'कोण बसतंय?'

तालमीची वेळ आम्ही बुधवारी दुपारी तीन ते पाच ठरवली. जेवण, औषध उरकून आजारी माणूस जरा लवंडतं, ती वेळ. संध्याकाळ चुकूनही घेऊ नका. विसरण्याचा आजार असलेली माणसं दिवस मावळताना जास्त कावरीबावरी होतात, स्वतःच्याच घरात 'मला घरी जायचंय' म्हणत दाराशी जाऊन उभी राहतात. त्या वेळी जवळ ओळखीचा चेहरा लागतो.

बसायला आम्हाला कॉलनीतल्या चार जणी मिळाल्या. त्यांना स्टेजवर यायचं नव्हतं, पण दोन तास बसायची तयारी होती. त्यांना एकदम एकटं पाठवायचं नाही. आधी दोनदा तरी घरचं माणूस हजर असताना त्या बसून येतात. पाणी कसं पाजायचं, उशी कुठे लागते, कशाला घाबरतात, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. आमच्या प्रयोगाआधी नावं वाचतात तेव्हा या चौघींची नावं कलाकारांच्या आधी येतात. आणि प्रत्येक भूमिका दोघींना पाठ असते, कारण ऐन वेळी कुणाच्या घरी ताप चढेल सांगता येत नाही.

आता गोष्टी गोळा करण्याबद्दल. आम्ही सतरंजीवर गोल करून बसलो आणि पहिले दोन बुधवार फक्त तक्रारी निघाल्या. नणंद येत नाही, डायपर महाग झालेत, पाठ दुखते. तिसऱ्या बुधवारी एक जण म्हणाली, "परवा रात्री तिसऱ्यांदा चादर बदलली आणि माझ्या मनात आलं, एकदाच्या सुटल्या तर बरं." म्हणाली आणि तोंडावर पदर घेऊन बसली. थोड्या वेळाने दुसरी म्हणाली, "माझ्या तर रोज येतं." मग आमच्यातले एकटे गृहस्थ, पत्नीचा कंपवात नऊ वर्षं सांभाळताहेत, ते म्हणाले, "मी देवाला तसं सांगितलंसुद्धा आहे." खोलीत सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं आणि सगळ्यांचेच खांदे उतरले होते. मी सहा वर्षं ते वाक्य एकटीने सांभाळलं होतं.

ते वाक्य नाटकात आहे, पण कुठल्याच एका पात्राच्या तोंडी नाही. आठ जण ओळीने उभे राहतात आणि एकेक शब्द म्हणतात, 'एकदाच्या', 'सुटल्या', 'तर', असं. त्यामुळे प्रेक्षकांत बसलेल्या कुठल्याच नातेवाइकाला ते आपल्या घरातलं म्हणून ओळखता येत नाही. ही काळजी तुम्हीही घ्या. ज्या माणसाबद्दल आपण बोलतो ते घरी पलंगावर आहे, जिवंत आहे, आणि त्याची परवानगी बहुतेक वेळा घेता येत नाही. आमच्या नाटकात सासूचे वडील होतात, झटक्याचा कंपवात होतो. अंगावरच्या कपड्यांचा, मळमूत्राचा प्रसंग रंगमंचावर करून दाखवायचा नाही, हे पहिल्याच महिन्यात ठरलं. आणि सांगणारीने 'हे नको' म्हटलं की ते गेलं, कितीही चांगलं असलं तरी.

ऐकल्या ऐकल्या लगेच करून दाखवायची एक पद्धत आहे, प्लेबॅक थिएटर, १९७५ मध्ये अमेरिकेत जोनाथन फॉक्स आणि जो सॅलस यांनी सुरू केलेली. आम्ही एकदा करून बघितली. ताज्या जखमेला ती आम्हाला फार झोंबली, म्हणून सोडली.

आम्हाला मानवलं ते फोरम थिएटर. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांचं (१९३१-२००९). पेरूमध्ये १९७३ च्या सुमारास ते प्रौढ साक्षरतेच्या मोहिमेत काम करत होते तेव्हाचा किस्सा आहे. नवऱ्याने फसवलेल्या एका बाईची गोष्ट ते करून दाखवत आणि आता तिने काय करावं असं लोकांना विचारत. प्रेक्षकांतली एक धिप्पाड बाई म्हणाली, त्याच्याशी स्पष्ट बोला. नटी स्पष्ट बोलली. बाईंचं समाधान होईना. पुन्हा बोलली, तरी होईना. शेवटी बोआल म्हणाले, मग तुम्हीच वर येऊन दाखवा. त्या वर गेल्या, झाडू उचलला आणि नवरा झालेल्या नटाला चांगला बडवला. तिथून ही रीत पडली. आपल्याकडे पश्चिम बंगालमध्ये संजय गांगुलींची जन संस्कृती ही संस्था १९८५ पासून खेडोपाडी अशी नाटकं करते.

नियम सोपे आहेत. प्रसंग एकदा पूर्ण करायचा, त्याच्या वाईट शेवटासकट. मग तोच परत सुरू करायचा. आता प्रेक्षकांतल्या कुणीही 'थांबा' म्हणावं आणि आजाऱ्याचं करणाऱ्या पात्राची जागा घ्यावी. फक्त तिचीच, दुसऱ्या कुणाची नाही. दिराची जागा घेऊन त्याला समंजस करून टाकलं तर प्रसंग संपतो खरा, पण घरी गेल्यावर दीर होता तसाच असतो. कुणी 'आम्ही चोवीस तासांची नर्स ठेवली' असं करून मोकळं व्हायला लागलं की लोकच ओरडतात, 'जादू!' मध्ये उभी राहून हे सगळं सांभाळणारी एक बाई लागते. आम्ही तिला सूत्रधारच म्हणतो.

आमचा सर्वांत चालणारा प्रसंग फोनचा आहे. रात्री नऊ वाजता पुण्याहून दिराचा व्हिडिओ कॉल येतो. सून आजींचे केस सारखे करते, खांद्यावर शाल घालते आणि फोन चेहऱ्यासमोर धरते. दीर म्हणतो, "आई छान दिसतेय की! वहिनी, तुम्ही आहात म्हणून काळजी नाही." फोन बंद. सून शाल काढून घडी घालते. संपला प्रसंग, जेमतेम दोन मिनिटांचा.

एका प्रयोगात साधारण पन्नाशीच्या एक बाई 'थांबा' म्हणून वर आल्या. शाल घातलीच नाही. फोन हातात घेतला आणि कॅमेरा फिरवला, आधी चादरीवर, मग बादलीवर, मग औषधांच्या डब्यावर, मग स्वतःकडे. म्हणाल्या, "भाऊजी, आता बघा." दीर झालेल्या आमच्या गृहस्थांना तयार वाक्यच सुचेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण मागून एक आजोबा म्हणाले, "तो आज लाजेल, उद्या फोनच करणार नाही." हेही खरं होतं. मग एक तरुण मुलगी आली. तिने शाल घातली, गोड बोलली आणि शेवटी म्हणाली, "भाऊजी, १२ मे ते २६ मे. तुम्ही इकडे येताय की मी आईंना तिकडे घेऊन येऊ? तिकिटं आजच काढते." दीर 'बघतो' म्हणाला. ती म्हणाली, "बघा, मी फोन चालूच ठेवते." आणि खरंच उभी राहिली. मिनिटभर कुणी हललं नाही. त्या दिवशी घरी जाताना तीन जणी तारखांबद्दलच बोलत होत्या.

एक चूक आम्ही केली ती तुम्ही टाळा. पहिल्या नाटकात पगारी आया ही चार ओळींची, चहा मागणारी, थोडी विनोदी बाई होती. आमच्यातल्या एकीच्या घरी बारा तासांच्या पाळीला येणारी ताई तालीम बघायला बसली. आजींना उठवायचा प्रसंग आला आणि तिला राहवेना. "ऐसे नहीं उठाते भाभी, हाथ मत खींचो, कंधा उतर जाएगा." तिने करून दाखवलं. आधी गुडघे दुमडायचे, मग खांदा आणि कंबर धरून अख्खं माणूस कुशीवर वळवायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि मग बसतं करायचं. लुळ्या हाताला कधी ओढायचं नाही. सासूबाईंना घरी सोडताना रुग्णालयात हे आम्हाला कुणीही दाखवलं नव्हतं. मी कितीतरी महिने त्यांना त्याच डाव्या हाताने ओढून बसवत होते आणि त्या कण्हायच्या तेव्हा मला वाटायचं, आजारच असा आहे. आता ती ताई नाटकात स्वतःचं काम स्वतः करते, हिंदीत. तिची सासू निमाडातल्या गावी एकटी असते. तिच्याजवळ कोण बसतं, हे तिने नाटकात विचारल्यावर सगळी सभा गप्प होते.

जागा लहान घ्या. इंदुरात रंगकर्मी बाबा डिके आणि नाट्यभारती या नाट्यसंस्थेपासून हौशी मराठी नाटकाची सवय आहे, सानंद या संस्थेचे प्रयोग म्हटले की आपली माणसं वेळेवर जाऊन बसतात, त्यामुळे मोठं नाट्यगृह घ्यायचा मोह आम्हालाही झाला होता. पण तिथे प्रेक्षक अंधारात असतो, त्याला उठून वर यायला धीर होत नाही. आम्ही कॉलनीच्या मंदिराच्या हॉलमध्ये करतो. दिवे सगळे चालू, खुर्च्या तीन बाजूंनी, नाटक पस्तीस मिनिटं आणि पुढचा तास लोकांचा. दाराशी एक जण शांत बसलेली असते, कारण कुणीतरी रडत बाहेर येतंच. तिच्याजवळ हेल्पलाइनच्या नंबरांच्या चिठ्ठ्या असतात, १४४१६ म्हणजे टेली-मानस, मनाच्या त्रासासाठी, आणि १४५६७ म्हणजे ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन. पाणी आणि मोकळी खोलीही ठेवा.

एका मंडळाने आम्हाला 'सणासुदीला दुःखाचं कोण बघणार' म्हणून नकार दिला होता. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. आणि हा फक्त एक आजार. प्रत्येकामागे निदान एक करणारं माणूस धरा. त्यातलं एकही त्या मंडळाच्या सभासदांत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

संहितेचं विचाराल तर आमची मी पाठवणार नाही. त्यातली वाक्यं आठ घरांची आहेत आणि ती याच हॉलपुरती दिलेली आहेत. तुमच्या पहिल्या बैठकीत फक्त एवढं विचारा, "काल रात्री किती वेळा उठलात, आणि कशासाठी?" उत्तरं कुणीतरी जशीच्या तशी लिहून घ्या, शुद्ध करू नका. पाच वाजता थांबा, कितीही रंगलं असलं तरी. बसायला आलेलीला साडेपाचला घरी जायचं असतं.