‘भूक’ दोनदा विचारू नका

इंदूरच्या एका वाचकांचा प्रश्न : भुकेवरच्या संशोधनातली प्रश्नावली मराठीत आणायची आहे. ‘हंगर’ (पोटाची भूक) आणि ‘ॲपेटाइट’ (खाण्याची इच्छा) दोन्हींना भूकच म्हणायचं का?

नको, प्रश्नावली वाया जाईल. या अभ्यासांत सहसा १०० मिलिमीटरची आडवी रेघ देतात. एका टोकाला ‘मुळीच नाही’, दुसऱ्याला ‘याहून जास्त असूच शकत नाही’. माणूस खूण करतो, अंतर पट्टीने मोजतात. (झेरॉक्समध्ये रेघ आखडते, तेव्हा छापून आल्यावर मोजून घ्या.) प्रश्न साधारण चार : भूक किती, पोट किती भरलंय, अजून किती खाऊ शकाल, खाण्याची इच्छा किती. पहिल्या आणि चौथ्या ओळीत ‘भूक’च आली, तर दोन उत्तरांत फरक उरणार नाही आणि मोजायचा होता तो नेमका हाच फरक.

गंमत अशी की ‘भूक’ मुळात इच्छावाचकच. संस्कृत ‘बुभुक्षा’ म्हणजे खाण्याची इच्छा. प्राकृतातल्या ‘भुक्खा’वरून आपली भूक. पण आता ती पोटाची झाली आणि इच्छेचं काम ‘-वंसं वाटणं’कडे गेलं. रात्री घरी पोटभर जेवून सराफ्यात (इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार) गराडूपुढे, म्हणजे तळलेल्या कंदापुढे, उभ्या राहिलेल्या माणसाला भूक लागलेली नसते, खावंसं वाटत असतं. म्हणून नाम सोडा, क्रियापद धरा : ‘आत्ता किती भूक लागली आहे?’ आणि ‘आत्ता काही खावंसं किती वाटतंय?’ इंदूरकडे हिंदीच्या संगतीने ‘खायचं मन आहे’ही चालतं, प्रश्नावली तिथल्याच लोकांसाठी असेल तर ठेवा, पुण्यात खटकेल. ‘अन्नावर वासना नाही’ हा जुना प्रयोग नेमका खरा, पण छापील कागदावर ‘वासना’ वाचून तरुण मंडळी हसतील.

‘सॅटिएशन’ आणि ‘सॅटायटी’चाही असाच घोळ होतो. पहिल्याने जेवण थांबतं, म्हणजे पोट भरणं. दुसरी जेवणानंतर पुढची भूक लांबवते. तिला ‘तृप्ती’ म्हणण्यापेक्षा ‘भूक न लागणं’ बरं. तृप्तीत मन येतं, आणि बासुंदीही.

‘वेळ टळली की भूक मरते’ हे मात्र जसंच्या तसं वापरा. जठरातून येणारं, भूक लावणारं संप्रेरक (हार्मोन) घ्रेलिन (शोध १९९९) नेहमीच्या जेवणवेळेच्या सुमारास चढतं आणि उपाशी राहिलं तरी काही वेळाने उतरतं.

लेप्टिनला (१९९४) ‘पोट भरल्याचं संप्रेरक’ म्हणू नका. ते चरबीच्या पेशींतून येतं आणि शरीरात साठा किती आहे ते मेंदूला कळवतं. एका जेवणापुरती ‘पुरे’ची खूण आतड्यातून येणाऱ्या कोलेसिस्टोकायनिन या संप्रेरकाची. लेप्टिनसाठी ‘चरबीच्या साठ्याची खबर देणारं संप्रेरक’ लिहा. लांब आहे, पण चुकीचं नाही.